उपासनीबाईंची बाजू

उपासनीबाईंशी वाद घालून जिंकलेली पुष्कळ माणसं जळगावात होती. घरी जाऊन, हातपाय धुऊन जेवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात यायचं, की आपण नेमकं काय जिंकलो ते सांगता येत नाही. मी त्यांतलीच एक. मी गणिताची बाई. उत्तर जमलं की खाली रेघ मारून मोकळी होणारी. त्या संस्कृतच्या. मुलींच्या एकाच शाळेत आम्ही होतो, शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या शेजारीशेजारी. पासष्ट-सहासष्टपासून पुढची बरीच वर्षं मी त्यांना रोज ऐकलं. तरीही अमुक गोष्टीबद्दल उपासनीबाईंचं मत काय होतं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

बाई उंच, रुंद हाडाच्या. नऊवारीतून पाचवारीत उशिरा आलेल्या, त्यामुळे निऱ्या कायम एका अंगाला गेलेल्या. बोलायचं म्हटलं की त्या उभ्या राहायच्या. वर्गातच नव्हे, कुठेही. "बाई, चहा घेणार का?" एवढं विचारलं तरी खुर्ची मागे सारून उठायच्या आणि चहा का घेऊ नये ते सांगायला लागायच्या. उन्हाळा, पित्त, झोप, वेळ, सगळं ओळीने. इतकं पटायचं, की विचारणारी आपला कप खाली ठेवायची. मग बाई म्हणायच्या, "हे झालं चहाच्या विरुद्ध. आता याचं उत्तर ऐक," आणि स्वतः चहा प्यायच्या. तोवर तो गार झालेला असायचा. त्याची त्यांना फिकीर नव्हती.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं मी लवकरच सोडलं. भरताची वांगी घ्यायची असली, की बाई आधी वांगेवालीची बाजू मांडायच्या. पाटाला पाणी नाही, डोक्यावरून टोपली आणायची, निम्मा माल किडका निघतो, तेव्हा ही सांगते तो भाव काही जास्त नाही. वांगेवाली खूश होऊन वांगी पिशवीत टाकायची. "थांब, माझं संपलं नाही," बाई म्हणायच्या. "संपलं बाई, देवा पैशे," ती म्हणायची. लग्नाचंही त्यांचं असंच झालं म्हणत. बघायला आलेल्या मंडळींना मुलगी वयाने जरा जास्त वाटत होती. ते संकोचून गप्प बसले, तर हिनेच त्यांची अडचण त्यांच्यापेक्षा नीट सांगितली. मंडळी पोहे खाऊन गेली ती गेलीच. खरंखोटं मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं चूक नव्हतंच. उत्तर होतं. ते ऐकायला थांबले नाहीत."

वर्गात मात्र मुली थांबायच्या, कारण त्यांना उठून जायची सोय नव्हती. अकरावीच्या वर्गाला एकदा त्यांनी विचारलं, डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे असं म्हणाल का? मुली म्हणाल्या, हो. "कशावरून? आग पाहिलीत?" नाही. "मग जगातल्या सगळ्या धुरांखाली जाऊन पाहून आलात?" नाही. तेवढ्यात तास संपला. पुढच्या सोमवारी एरंडोलकडचे एक शेतकरी धोतराचा सोगा सावरत शिक्षकांच्या खोलीत आले. त्यांची मुलगी इथे मामाकडे राहून शिकत होती आणि रविवारच्या सुट्टीला घरी गेली होती.

"संस्कृतना बाई कोनत्या शेत?"

बाई उभ्या राहिल्या.

"बाई, पोरगी म्हनस, धूर दिखना म्हनीसन इस्तो शे, अशे कोनी सांगं? तिनी माय चुल्हापुढे बशी ऱ्हायनी. भाकरी कव्हय टाकी?"

चुलीत धूर आहे, पण विस्तव आहे कशावरून, म्हणून भाकरी अडली होती. आम्ही सगळ्या हसलो. बाई हसल्या नाहीत. "मुलीचा प्रश्न बरोबर आहे, आबा," त्या म्हणाल्या, आणि तो कसा बरोबर आहे ते आबांना पटवून द्यायला लागल्या. आबा टोपी हातात घेऊन ऐकत राहिले. शेवटी त्यांची एस.टी. सुटायची वेळ झाली, म्हणून गेले. त्यांच्या घरी पुढे भाकरी झाली का, देव जाणे.

हे सगळं गमतीत मोडलं असतं. पण बाईंना एक गोष्ट हवी होती, आणि ती गमतीची नव्हती. त्यांना संस्कृतात एम.ए. करायचं होतं आणि त्यापुढे जाऊन तर्कशास्त्राचा अभ्यास करायचा होता. बी.ए. त्यांनी नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं. पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना शब्द दिला होता: एम.ए. दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण व्हा, मी तुम्हाला संशोधनाला घेतो. चाळिशी ओलांडलेल्या, खानदेशातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला असं म्हणणारे ते एकटेच होते, आणि दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होते. म्हणजे दार उघडं होतं, पण फार दिवस राहणार नव्हतं.

पहिल्या वेळी बाई नापास झाल्या. काव्यात, नाटकात, व्याकरणात बऱ्यापैकी गुण. गेल्या त्या तर्कशास्त्रात, जे शास्त्री वडिलांमुळे त्यांना लहानपणापासून पाठ होतं.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"प्रश्न चांगला होता. धुरावरून आग ओळखणं हे खरं ज्ञान मानावं का, चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या. मी नास्तिकाची बाजू लिहायला घेतली. तो म्हणतो, डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं."

"मग?"

"मग घंटा झाली."

"म्हणजे तीन तास तुम्ही नास्तिकाचंच लिहीत होतात?"

"अर्धवट मांडून कसं चालेल? समोरच्याची बाजू दुबळी करून मग ती पाडायची, ही लबाडी आहे."

परीक्षकाने काय समजायचं ते समजून घेतलं. शाळेत मात्र चेष्टा झाली, की शास्त्र्यांची मुलगी नास्तिक निघाली. बाईंनी चेष्टा करणाऱ्यांच्याही बाजूने दोन शब्द सांगितले.

त्याच वर्षी दुसरा फटका बसला. संस्कृतचे तास कमी करून गृहशास्त्र सुरू करावं, असा विचार संस्थेत चालू होता. कार्यकारी मंडळापुढे शिक्षिकांच्या वतीने बोलायला कोणी धजेना, तेव्हा बाईंना पाठवलं. मी बरोबर होते. संस्थेचे अध्यक्ष राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, डाळीचे व्यापारी. त्यांना सगळे शेटजी म्हणत. सज्जन माणूस. बाई उभ्या राहिल्या आणि मुलींना गृहशास्त्राची गरज का आहे, हे त्यांनी असं काही सांगितलं, की मंडळातल्या कोणालाही ते सुचलं नव्हतं. शेटजींचे डोळे चमकले. "वा बाईजी! आम्हाला वाटलं तुम्ही विरोध कराल." बाई म्हणाल्या, "तो आता करते." पण शेटजी आनंदात होते, दुसऱ्या सभेला जायचं होतं, ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर मी रागावून म्हटलं, "बाई, तुम्ही हे काय केलंत?" त्या पायऱ्यांवर उभ्या राहून मला उरलेलं अर्धं भाषण ऐकवत होत्या. ते फार चांगलं होतं. ऐकायला मी एकटी होते.

त्या दिवाळीत त्या मला धुळ्याला घेऊन गेल्या, तेव्हा मला यातलं थोडं कळलं. थोडंच. पांझरेच्या पलीकडे देवपुरात त्यांच्या भावाचं घर. तिथे त्यांचे वडील होते, नाना. ऐंशीच्या पुढचे, नजर गेलेली, आवाज शाबूत. त्यांनी आयुष्यभर घरच्या ओसरीवर मुलांना न्याय शिकवला होता. म्हणजे वाद कसा घालायचा आणि खरं कशाला म्हणायचं, ते शास्त्र. आम्ही आत शिरलो तर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच ते म्हणाले, "मथू आली का? उभी राहा."

आणि शाळेत मुलींना उभं करणाऱ्या बाई उभ्या राहिल्या.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. नानांच्या पाठशाळेत वाद करायला प्रतिपक्ष लागायचा. मुलं एकमेकांना सांभाळून घेत, म्हणून नानांनी आठ-नऊ वर्षांच्या मथूला समोर उभं केलं. आज तू नास्तिक, उद्या तू मीमांसक, परवा आणखी कोणी. जे जे पाडायचं ते ते तिने मांडायचं. ती इतकी तयार झाली, की मुलांना घाम फुटायचा. मग नाना तिचं म्हणणं कसं खोडायचं, म्हणजे खरं उत्तर, मुलांना सांगायला बसत. "त्या वेळेला या उठून आत पानं घ्यायला येत," वहिनी म्हणाल्या. "मुलं जेवायलाच असत ना आपल्याकडे. बारा-चौदा पानं. सासूबाई एकट्या कुठवर पुरणार?"

"म्हणजे उत्तर त्यांना शिकवलंच नाही?"

"भिंतीतून ऐकू यायचं की. पाठ आहे त्यांना बठ्ठं, शब्दन्शब्द. फक्त म्हणायची पाळी कधी आली नाही."

वहिनी हे अगदी सहज सांगत होत्या आणि चकल्या तळत होत्या. मला राग कोणावर धरावा तेच समजेना. नाना दुष्ट नव्हते. त्या काळात मुलीला उभं करून शास्त्र बोलायला लावणारा बाप धुळ्यात दुसरा नसेल. ओसरीवर बाईंचा आवाज चढला होता. नाना मान हलवून हलवून दाद देत होते. मग बाई म्हणाल्या, "नाना, परीक्षेत विचारतात, तुमचं स्वतःचं मत काय."

"तुझं काम शंका घ्यायचं," नाना म्हणाले. "उत्तर देणारे देतील."

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या बसून गप्प आहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मला शास्त्र कळत नव्हतं, पण परीक्षा कळत होती. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी त्यांना बसवायला लागले. समोर घड्याळ ठेवलं. म्हटलं, "भूमितीत आम्ही काय करतो? आधी साध्य लिहितो. काय सिद्ध करायचंय ते पहिल्या ओळीत. मग बाकीचं. तुम्ही पहिल्या ओळीत उत्तर लिहा, नास्तिकाला नंतर बोलवा."

बाईंना ते असभ्य वाटलं. "उत्तर आधीच सांगून टाकायचं? मग समोरच्याने यावं कशाला?"

"तो येत नाही बाई. तो परीक्षेला बसलेला नाही. तुम्ही बसल्या आहात."

त्या हसल्या, पण जमेना. पहिली ओळ लिहायच्या, लेखणी थांबायची. एका संध्याकाळी मी वैतागले. "नानांचं उत्तर तुम्हाला पाठ आहे ना? ते लिहा आणि सुटा."

"पाठ आहे. पण माझं मत विचारलंय."

"मग तुमचं मत लिहा."

"तेच तर बघतेय," बाई म्हणाल्या. "मला वाटत होतं, मनात आत गेलं की सापडेल. सुमन, तिथे तर खोलीच नाहीये."

मला वाटलं, ही बाई परत नापास होणार. मी घड्याळ उचललं आणि म्हटलं, चला, अंधार पडायच्या आत घरी जाऊ.

बाई पास झाल्या. दुसरा वर्ग, आणि तर्कशास्त्रात सगळ्यांत जास्त गुण. शाळेत पेढे वाटले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "शेवटी काय लिहिलंत? नानांचं उत्तर?"

"नाही. प्रश्न त्याच धर्तीचा आला. पहिल्या ओळीत लिहिलं, की नास्तिकाचं म्हणणं बरोबर आहे."

मी पेढा खाली ठेवला. "आणि मग?"

"मग नानांचं उत्तर त्याच्याविरुद्ध उभं केलं. आणि पाडलं. वेळेत झालं. तुझं साध्य कामाला आलं."

"म्हणजे हे तुमचं खरं मत आहे?"

"त्या दिवशी होतं," बाई म्हणाल्या.

आता यात मी कशाचा आनंद मानायचा? ज्या गोष्टीसाठी आदल्या खेपेला नापास केलं, तीच पहिल्या ओळीत लिहिल्यावर पास केलं. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, त्यांनाही कळलं नाही. परीक्षक वेगळे असतील, असं आम्ही ठरवून टाकलं.

नानांना सांगायला बाई धुळ्याला गेल्या तेव्हा त्यांनी मला पुन्हा बरोबर घेतलं. नाना आता खाटेवरच होते. बाई त्यांच्या उशाशी, चक्क खाली बसल्या.

"नाना, पास झाले. तर्कात पहिली."

"वा वा. कोणती बाजू मांडलीस?"

"माझी."

नानांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली. "ती कोणती?"

बाईंनी सांगितलं, आणि सांगताना नानांच्याच उत्तराचे दोन मुद्दे खोडले. नाना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे माझ्या पाठशाळेतल्या मुलांपैकी कोणी ऐकलं असतं, तर मी त्याला काय उत्तर द्यायला शिकवलं असतं?" हा बाईंना प्रश्न होता, की स्वतःला, की ते चिडले होते, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बाईंनाही आलं नसावं. त्यांनी नुसता नानांचा हात धरला. नाना म्हणाले, "बरं. पुण्याला थंडी असते. शाल घेऊन जा."

त्यांना जाण्याबद्दल अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

राहिली रजा. बिनपगारी का होईना, पण नोकरी राखून दोन वर्षांची रजा मिळाली तरच पुणं शक्य होतं. आणि ती द्यायची होती शेटजींच्या मंडळाने. आम्ही सगळ्या धास्तावलो. बाई उभ्या राहिल्या आणि रजा का देऊ नये ते सांगायला लागल्या, तर संपलं. मी त्यांना जिन्यात गाठून दटावलं, "नास्तिक नाही, मीमांसक नाही, कोणी नाही. पहिली ओळ."

बाई मंडळापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला पुढे शिकायला पुण्याला जायचं आहे. मी जाणार आहे." आणि बसल्या.

सगळे वाट बघत राहिले. शेटजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग पुढे, बाईजी?"

"पुढे काही नाही."

"तसं कसं? तुमची अडचण, आमची अडचण… तुमच्या जागेवर कोण, मुलींचं नुकसान होईल, या वयात कशाला, असं काही आम्ही म्हणू शकतो ना?"

"म्हणू शकता."

"मग त्याचं उत्तर?"

बाईंचे हात खुर्चीच्या कडेवर गच्च होते. त्या स्वतःला खाली धरून बसल्या होत्या. शेटजी अस्वस्थ झाले. इतक्या वर्षांत या बाईने त्यांची बाजू त्यांना तयार करून दिली होती, आणि आज ती त्यांना स्वतःच मांडावी लागत होती. मग ती त्यांना फारशी पटेना. ते म्हणाले, "जागेवर माणूस मिळेल म्हणा. संस्कृतचे तास तसेही आपण कमीच केलेत." शेजारच्या सभासदाकडे बघून, "आणि शिकायला वय कसलं?" असं करत करत त्यांनी एकट्यांनीच दोन्ही बाजू संपवल्या आणि रजा मंजूर केली. बाहेर येताना मला म्हणाले, "बाईजींची तब्येत ठीक आहे ना?"

बाई पुण्याला गेल्या त्या परत आल्या नाहीत. रजा संपल्यावर त्यांनी राजीनामा पाठवला आणि तिथेच एका शाळेत अर्धवेळ काम धरलं. नाना मधल्या काळात गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. गणिताच्या नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. बाईंना भेटायला त्यांच्या ग्रंथालयात गेले, बरोबर रावेरच्या आमच्या मळ्यातली केळी होती. बाई पायरीवर आल्या. केस पांढरे, निऱ्या तशाच. पंचविशीतली दोन मुलं त्यांच्याशी काहीतरी बोलत होती, ती मला पाहून बाजूला झाली.

"झाला का प्रबंध?" मी विचारलं.

"होत आला होता," बाई म्हणाल्या. "मग मला एक उत्तर सापडलं. माझंच म्हणणं त्यात सबंध पडतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिली दोन प्रकरणं गेली. सर वैतागलेत. निवृत्त झाले तरी माझ्यासाठी थांबलेत बिचारे."

मला खरंच राग आला. एवढा खटाटोप, शाळा, रजा, नाना, आणि ही बाई स्वतःच्याच विरुद्ध उभी. मी म्हटलं, "बाई, काहीतरी एक ठरवा आणि पदवी घेऊन टाका. आता नानांचं बरोबर वाटतंय का?"

"नानांचंही नाही." त्या अशा काही हसल्या, की त्यांचं वय मला सांगता आलं नसतं. "तू थांब हं. एक ओळ बघून येते. तुला दाखवते, म्हणजे तुलाच कळेल."

त्या आत गेल्या. मी केळ्यांची पिशवी पायरीवर टेकवून थांबले. बराच वेळ झाला. दारातून आत डोकावले, तर कपाटापाशी बाई उभ्या होत्या. हातात उघडा ग्रंथ, चष्मा कपाळावर, आणि समोर कोणी नसताना बोट हलवून कोणाला तरी काही सांगत होत्या. मधेच थांबून ऐकत होत्या. मान हलवत होत्या. पुन्हा बोलत होत्या. माझी गाडी संध्याकाळची होती. मी शिपायाजवळ केळी दिली, कोणाला द्यायची ते सांगितलं आणि निघाले.